तळमजल्यावरचे लोक लिफ्टने कुठे जातात

कागदोपत्री ते श्यामसुंदर पेठे, पण तिसाव्या वर्षीच केस पांढरे झाल्यामुळे सगळ्यांचे अण्णा झाले आणि आता बहात्तराव्या वर्षी खरोखरच अण्णा दिसू लागले होते. अंधेरीच्या एका बाजार-सर्वेक्षण कंपनीत आकडेवारी विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली. कुठल्या गावात कोण कुठला साबण वापरतो आणि खोटं न बोलता आठवड्यातून किती वेळा वापरतो, हे त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात किंवा शेअर बाजारात. अण्णांनी व्हॉट्सअॅपवर एक गट काढला आणि त्याला नाव दिलं 'आकडेवारी मदतकट्टा'.

सात वर्षांत या कट्ट्यावर सहाशे बारा माणसं जमली. आकडेशास्त्राचं सॉफ्टवेअर ज्यांच्या बोकांडी बसलं आहे अशी सगळी मंडळी. नांदेडची पीएचडी करणारी प्राध्यापिका, साताऱ्याचा शेतकी कॉलेजवाला, पंचेचाळिसाव्या वर्षी एमबीए करायला निघालेला डोंबिवलीचा बँकवाला. यांतल्या निम्म्यांना गाइडने सांगितलेलं असे, 'विश्लेषण करून आणा,' आणि विश्लेषण म्हणजे काय हे गाइडलाही ठाऊक नसे. मग ते स्क्रीनचा तिरका फोटो काढून कट्ट्यावर टाकत आणि खाली लिहीत, 'सर अर्जंट.'

अण्णा फुकट मदत करत, पण फुकट बोलणीही देत. पी-व्हॅल्यू नावाचा एक आकडा ०.०५ च्या खाली आला की प्रबंध तरतो आणि वर राहिला की बुडतो, अशी या विद्यार्थ्यांची श्रद्धा. एकाने लिहिलं, सर, ०.०६ आलंय, काहीतरी करा ना. अण्णांनी उत्तर दिलं, मी भटजी नाही मुहूर्त सरकवायला. दुसरीने विचारलं, की कुठली टेस्ट लावू? अण्णांनी उलट विचारलं, की प्रश्न काय आहे? ती म्हणाली, प्रश्न अजून ठरलेला नाही, डेटा गोळा झालाय. त्यावर अण्णांनी सहाशे माणसांदेखत लिहिलं, की मुलीचं लग्न ठरण्याआधी तुम्ही बारशाचं जेवण घातलंत. तरी पुढचा पाऊण तास बसून त्यांनी तिला प्रश्न ठरवून दिला. माणूस तिखट होता, पण हात राखून मदत करणारा नव्हता.

कट्ट्याचे नऊ नियम होते. पहिला, फोटो सरळ काढा. तिसरा, 'अर्जंट' लिहिणाऱ्याला सर्वांत शेवटी उत्तर मिळेल. चौथ्या नियमावर अण्णांचा विशेष जीव होता: तक्ता क्रमाने लावताना एकटा रकाना निवडू नका, अख्खा तक्ता निवडा. हा नियम भांडुपच्या मानसी तांबेमुळे जन्माला आला. ती नर्सिंग कॉलेजात शिकवायची. दोनशे रुग्णांची नावं तिने अआइई क्रमाने लावली, पण फक्त नावांचा रकाना हलवला. बाकीचे रकाने होते तिथेच राहिले, आणि अशोकचा मधुमेह यशवंतला, यशवंतचं बाळंतपण... असो. अण्णांनी कट्ट्यावर लिहिलं, "मानसीबाई, तुम्ही पंगतीतली माणसं उठवून जागा बदलल्यात आणि पानं तिथेच ठेवलीत. आता प्रत्येकजण दुसऱ्याचं उष्टं खातोय." तिसऱ्या दिवशी तिने सगळं दुरुस्त करून पाठवलं आणि तेव्हापासून ती कट्ट्याची बिनपगारी मदतनीस झाली.

नलिनीबाई या सगळ्याकडे लांबून बघत. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिल्यामुळे घरी त्यांना फोनचा तिटकारा होता आणि नवऱ्याच्या हातात तो सकाळी सहापासून असे. 'जेवायला या' हे एकदा कट्ट्यावर टाकून बघावं, अर्जंट न लिहिता, असं त्या म्हणत. अण्णा हसत आणि उत्तर टाइप करत राहत.

दिवाळीनंतर 'स्नेहदीप' सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाला तळमजल्यावरची एक खोली मिळाली आणि तिचं काय करायचं यावरून संघात दोन तट पडले. एकांना कॅरम हवा होता, दुसऱ्यांना व्यायामाची सायकल. संघाचे अध्यक्ष सुबोध करंदीकर यांनी म्हटलं, आपल्याकडे एवढा मोठा तज्ज्ञ आहे तर रीतसर सर्वेक्षण करू. अण्णांना हेच हवं होतं. दहा प्रश्नांचा फॉर्म तयार झाला. प्रत्येकाला एक ते पाच गुण: एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे भरपूर. लिफ्ट किती वापरता, झोप लागते का, गुडघे कसे आहेत, कॅरम किती खेळाल, सायकल किती चालवाल, असले सगळे प्रश्न. वय विचारायचं नाही असं ठरलं, कारण वय विचारलं की निम्म्या बायका फॉर्मच परत करत नाहीत असा अण्णांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

नवव्या प्रश्नावर वाद झाला. तळमजल्यावरच्या सुलक्षणा वैद्य, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांनी हट्टाने तो घालायला लावला: 'मनातलं बोलायला कोणी आहे का?' अण्णा म्हणाले, हे मोजता येत नाही. सुलक्षणाबाई म्हणाल्या, मग तुमचं शास्त्र कशाला आहे? प्रश्न राहिला. खाली 'आणखी काही सांगायचं असल्यास' म्हणून दोन रिकाम्या ओळीही त्यांनीच घातल्या.

अडतीस फॉर्म परत आले. अण्णांनी स्वतः भरला नाही, पंचाने बॅटिंग करू नये म्हणून. उत्तरं गुप्त राहतील असं त्यांनी सभेत वचन दिलं होतं आणि फॉर्म आपल्या हातानेच संगणकात चढवायला घेतले. पंचिंगची, म्हणजे आकडे चढवण्याची, त्यांची जुनी पद्धत होती. फॉर्म असा दुमडायचा की वर फ्लॅट नंबर नि नाव आणि बाजूला गोल केलेले आकडेच दिसतील. बाकीचं वाचायचं नाही. वाचलं की मन गुंततं आणि मन गुंतलं की बोट चुकतं, असं ते नव्या पोरींना शिकवत. दीड तासात अडतीस फॉर्म चढले. बायकोचा फॉर्म कधी हाताखालून गेला, त्यांना कळलंही नाही.

फॉर्म आले तसे चढवलेले, म्हणून मग फ्लॅट नंबरांच्या क्रमाने लावावेत असं त्यांना वाटलं. त्याच वेळी आतून नलिनीबाईंनी विचारलं, पोह्यात दाणे घालू का? अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून 'घाल' म्हटलं. संगणकाने काहीतरी विचारलं, त्यालाही त्यांनी त्याच सुरात होकार दिला, फाइल साठवली आणि ते पोहे खायला गेले.

दुपारी त्यांनी सरासऱ्या काढल्या. नवव्या प्रश्नाची सरासरी पाचपैकी ४.१ आली. स्नेहदीप ही सुखी सोसायटी होती हे सिद्ध झालं. सुबोधरावांनी तो आकडा लगेच फलकावर लावला. कॅरम जिंकला.

इथपर्यंत सगळं नियमाने झालं होतं. पण आठवा नियम अण्णांनी मोडला, आणि तो त्यांनीच लिहिलेला होता: 'डेटात ओळखीचं माणूस शोधू नये.' चहा पिता पिता त्यांनी सहज ३०४ ची ओळ बघितली. ३०४, नलिनी पेठे. लिफ्ट पाच, झोप दोन, आणि नववा प्रश्न, एक.

अण्णांनी चष्मा पुसला. एकच होता. सगळ्या अडतीस जणांत दोन होते, तीन होते, पण एक फक्त हाच. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईला मनातलं बोलायला मुळीच कोणी नाही, आणि हे तिने बोलून नव्हे तर फॉर्म भरून सांगितलं होतं. त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली आणि मग भीती. चहा तसाच गार झाला.

विचारावं तर वचन मोडतं. न विचारावं तर बघवत नाही. आकडेवाल्या माणसाला सुचेल तेच अण्णांना सुचलं: आपण वागणं बदलायचं आणि फरक पडतो का बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नलिनीबाईंना विचारलं, की आज भाजी कुठली करावी असं तुला वाटतं. नलिनीबाई म्हणाल्या, पडवळ, कारण आणलंय. मग त्यांनी विचारलं, की पडवळाबद्दल तुझं मत काय. पंखा दोनवर ठेवू की तीनवर, टूथपेस्ट हीच चालेल की बदलू, देशाचं एकंदरीत काय होणार असं तुला वाटतं, असे प्रश्न दिवसभर चालू राहिले. दुपारी दोन ते चार अण्णा फोन कपाटात कुलूपबंद करून बायकोसमोर येऊन बसू लागले. नलिनीबाईंची ती डुलकीची वेळ. समोर नवरा टक लावून बसला असताना कुणाला डुलकी लागणार?

कट्ट्यावर हाहाकार उडाला. 'सर बरे आहेत ना' असे संदेश आले. साताऱ्याच्या शेतकीवाल्याने दोन तासांत स्वतःचं उत्तर स्वतःच शोधलं आणि ते बरोबर आलं म्हणून तो जास्तच घाबरला.

आठवड्याने नलिनीबाईंनी मुलुंडला मुलीला फोन लावला. बाबा गोड बोलतायत, तू येऊन तब्येत बघून जा. रेवती रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊनच आली. एकशे तीस-ऐंशी निघाला. तिने पुन्हा मोजला, तोच. बाबा, काही लपवताय का, असं तिने हळूच विचारलं. अण्णा म्हणाले, मी नाही लपवत. यातला 'मी' त्यांनी इतका लांबवला, की रेवतीने जाताना आईचाही रक्तदाब मोजला.

शेवटी नलिनीबाईंनी स्वैपाकघराच्या दारात उभं राहून सरळ विचारलं.

"अहो, झालंय काय तुम्हाला?"

"तुला मनातलं काही बोलायचं असेल तर बोल. मी आहे."

"मला बोलायचं असतं तर मी बोलले नसते का? पंचेचाळीस वर्षं काय मुकी होते?"

एक गुण देणारा माणूस नेमकं असंच बोलणार, असं अण्णांनी मनात नोंदवलं. ती हसली असती तर ते म्हणाले असते, हसून लपवतेय. रडली असती तर म्हणाले असते, बघा. एकदा माणसाने निष्कर्ष ठरवला की सगळा पुरावा त्याच्याच बाजूने साक्ष देतो, हे त्यांनी कट्ट्यावर निदान पन्नास वेळा लिहिलं होतं.

याच काळात सोसायटीच्या फाटकाशी त्यांना रोज सहदेव घाडीगावकर भेटत. सातव्या मजल्यावरचे, गिरणीत नोकरी केलेले, मूळचे कणकवलीकडचे. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा निलेश नि सून सकाळी आठला कामावर जात ते रात्रीच परतत. कसं काय विचारलं, की सहदेव मान डोलावून म्हणत, "बेस, अण्णानू, एकदम बेस." अण्णांनी चोरून त्यांचीही ओळ बघितलेली होती. सगळे पाच. नववाही पाच. बायको नसलेला माणूस पाच देतो आणि नवरा असलेली बाई एक देते, या विचाराने अण्णा आणखी खचून घरी येत.

दर रविवारी अण्णा कट्ट्यावर सरावाला एक फाइल टाकत. दुसऱ्या रविवारी डोकं ठिकाणावर नसल्यामुळे त्यांनी हीच टाकली, नावं नि फ्लॅट नंबर काढून, फक्त मजला ठेवून. मजल्यानुसार उत्तरांत फरक दिसतो का ते बघा, असं लिहिलं. सकाळी अकराच्या सुमारास मानसीचा संदेश आला, कट्ट्यावर नव्हे, खासगीत.

"सर, एक विचारू? तुमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे लोक लिफ्टने कुठे जातात?"

अण्णांनी तक्ता बघितला. खरंच, तळमजल्यावरच्या चारांपैकी तिघांनी लिफ्टला पाच गुण दिले होते. पण मुरलेला माणूस असा लगेच हार मानत नाही. त्यांनी लिहिलं, की आमच्याकडे गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायची पद्धत आहे.

मानसीने विचारलं, डिसेंबरात?

त्यांनी लिहिलं, की योगवर्गही गच्चीवरच असतो. ती म्हणाली, बरं. मग तिने पुढचं विचारलं, की सातव्या मजल्यावरच्या दोघांनी लिफ्टला एक का दिलाय, ते रोज सात मजले चढतात का? अण्णांनी लिहिलं, 'व्यायाम,' आणि पाठवूनही दिलं. मग त्यांना आठवलं, की सातव्या मजल्यावर ज्येष्ठ मिळून तीनच. त्यांतल्या दीप्तीबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि त्या वॉकर घेऊन चालतात, तेही फक्त डॉक्टरकडे जायला.

मग मानसीने अगदी हळुवार लिहिलं, "सर, पंगत तर नाही ना हलली?"

अण्णा उठले आणि माळ्यावरून फॉर्मांची पिशवी काढली. पहिला फॉर्म घेतला, नाव बघितलं, तक्त्यातली ओळ बघितली. जुळेना. दुसरा, तिसरा, दहावा. नावं फ्लॅट नंबरांच्या क्रमाने शिस्तीत उभी होती आणि उत्तरं फॉर्म आले त्याच क्रमाने बसून होती. पोह्यांच्या वेळी संगणकाने विचारलेला प्रश्न त्यांना आता लख्ख आठवला: बाकीचे रकाने आहेत तिथेच राहू देऊ का? ज्या चुकीवर त्यांनी चौथा नियम लिहिला, एका बाईला सहाशे जणांदेखत फाडून खाल्लं, तीच चूक स्वतः दाण्यांच्या नादात केली होती.

मग त्यांनी पहिली गोष्ट केली ती नलिनीबाईंचा फॉर्म शोधण्याची. नववा प्रश्न, चार. आणि दुमडलेल्या भागात, ज्या दोन ओळी अण्णांनी पंचिंगच्या शिस्तीपायी वाचल्याच नव्हत्या, तिथे टेलिफोन खात्याच्या टापटीप अक्षरात लिहिलं होतं: 'पाच दिले असते. एक गुण मोबाइलने खाल्ला.'

अण्णा जमिनीवर बसून हसायला लागले. इतके हसले की नलिनीबाई झारा हातात घेऊन बघायला आल्या आणि हे दुखणं डोक्यात गेलं असं समजून परत गेल्या. अण्णांना फार बरं वाटलं. चार. घरातलं चार काही वाईट नाही, बोर्डात ऐंशी टक्के म्हणजे पेढे वाटतात.

हसू ओसरल्यावर त्यांच्या मनात एक हिशेबी विचार आला. माणसं कितीही इकडची तिकडे झाली तरी सरासरी बदलत नाही. फलकावरचं ४.१ बरोबरच होतं. कॅरमही रीतसर जिंकला होता. मानसी बोलणारी नव्हती. फाइल गुपचूप दुरुस्त करून पिशवी माळ्यावर टाकली तर कुणाचं काहीच बिघडत नव्हतं, आणि अण्णांची सात वर्षांची अब्रू शाबूत राहत होती. ते पिशवीची गाठ मारायलाही लागले होते.

पण तो एक कुणाचा तरी होताच. नलिनीचा नसला म्हणून खोटा झाला नव्हता. या इमारतीत कुणीतरी तो गोल करून, फॉर्म घडी घालून त्यांच्या हातात दिला होता. पंधरा दिवस अण्णांनी त्या माणसाची काळजी दुसऱ्याच दारात नेऊन ओतली होती, आणि सरासरीत तो माणूस मजेत होता.

त्यांनी पिशवी पुन्हा सोडली आणि नियम आठवा जाणूनबुजून मोडला. सव्विसाव्या फॉर्मवर तो एक सापडला. ७०२. सहदेव घाडीगावकर. तक्त्यात त्यांच्या नावापुढे बसलेले सगळे पाच हे अध्यक्ष सुबोधरावांचे होते, आणि आपण अध्यक्ष असलेल्या संघात अध्यक्षाला सगळं भरपूरच असणार. अण्णांनी फॉर्मची घडी उलगडली. खाली पेन्सिलने, वळणावळणाच्या जुन्या अक्षरात लिहिलं होतं:

'ह्यो कागद भरताना बरां वाटलां. आणखी काय इचारूचा आसला तर येवा. मी घराकच आसतंय.'

अण्णांनी ते तीन वेळा वाचलं. फाटकाशी रोज भेटणारा माणूस. 'कसं काय' हा प्रश्न आपण चालता चालता टाकतो आणि 'बेस' हे उत्तर ऐकायलाही थांबत नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि त्यांना स्वतःचीच फार शरम वाटली. चौतीस वर्षं त्यांनी लाखो फॉर्म चढवले होते. ते सगळे असेच दुमडून.

उठायच्या आधी त्यांनी कट्ट्यावर लिहिलं: 'आज टाकलेली फाइल वापरू नका. चौथा नियम मी मोडला. नावं एकीकडे आणि उत्तरं दुसरीकडे गेली आहेत. चूक माझी, पकडली मानसी तांबे यांनी. त्यांना मी दोन वर्षांपूर्वी इथेच जे बोललो, ते सर्वांनी आज मला बोलायला हरकत नाही.' मग नांदेडच्या प्राध्यापिकेने दोन हात जोडलेले पाठवले. डोंबिवलीच्या बँकवाल्याने विचारलं, सर, म्हणजे माझी पी-व्हॅल्यू बदलेल का? मानसीने लिहिलं, की ज्यांना सरांना बोलायचं असेल त्यांनी फोटो सरळ काढून अर्ज करावा.

फोन अण्णांनी टेबलावर ठेवला. एक कोरा कागद घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं, घडी करून खिशात टाकला आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात? जेवण होतंय," नलिनीबाई म्हणाल्या.

"सातव्यावर. एका फॉर्मचं काम राहिलंय."

"फोन विसरलात."

"नको," अण्णा म्हणाले. कुणाच्या फॉर्मचं, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण वचन दिलेलं होतं. नलिनीबाईंनी एकदा टेबलावरच्या फोनकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं, आणि जेवण थांबेल असं म्हणाल्या.

७०२ ची बेल वाजवली तेव्हा दार इतक्या लगेच उघडलं, की माणूस दारामागेच बसलेला असावा. रविवार असूनही निलेश नि सून कुठेतरी लग्नाला गेले होते. सहदेवांनी पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीचा, कुठेही जायचं नसताना.

"काय अण्णानू, कसा काय येणा केलास?"

अण्णांनी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. ते म्हणाले, "सर्वेक्षणातले काही प्रश्न विचारायचे राहून गेले. तुम्हाला वेळ असेल तर."

सहदेव दार पूर्ण उघडून बाजूला झाले आणि खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलून खुर्ची पुसली.

"कितके आसत परश्न?"

अण्णांनी खिशात हात घालून कागद चाचपला. त्यावर एकच प्रश्न लिहिलेला होता आणि त्याला एक ते पाचचे गोल नव्हते.

"बरेच आहेत," अण्णा म्हणाले.

"मगे बसा," सहदेव म्हणाले, "चाय ठेवतंय."